मृत दात्याची किडनी टिकू कशी लागली

3 एप्रिल 1933 रोजी युक्रेनमधल्या खेरसोन शहरात युरी वोरोनॉय या शल्यचिकित्सकाने मृत माणसाची किडनी एका तरुणीच्या मांडीत बसवली. दात्याचा रक्तगट बी, तिचा ओ. शिवाय किडनी मृत्यूनंतर सहा तासांनी काढलेली. दोन दिवसांत ती तरुणी दगावली. रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र तेव्हाही येत होते. परका अवयव शरीराने हाकलून देऊ नये म्हणून द्यायचे औषध मात्र नव्हते.

1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी बसवून यश मिळवले, पण एकसारख्या जुळ्यांत परकेपणाचा प्रश्नच येत नाही. खरी परीक्षा मृत दात्याची. ती 1962 साली शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिन या गोळीच्या जोरावर मरे यांनीच पार केली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतले हे औषध रॉय कॅल्न यांनी आधी कुत्र्यांवर तपासले होते. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी त्याला स्टेरॉइडची जोड दिली आणि पुढची जवळपास वीस वर्षे हीच जोडी जगभर चालली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयातला मे 1965चा प्रयत्न याच काळातला, तोही मृत दात्याच्याच किडनीचा.

निकाल मात्र बेताचे होते. मृत दात्यांच्या किडन्यांपैकी साधारण निम्म्याच वर्षअखेर चालू असत. शिवाय स्टेरॉइडचे डोस जबर. चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत, आणि किडनी वाचली तरी रुग्ण जंतुसंसर्गाने दगावे.

मग आले सायक्लोस्पोरिन, नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून. प्रतिकारशक्ती दाबण्याचा तिचा गुण 1972 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ कंपनीत लक्षात आला, आणि 1978 मध्ये कॅल्न यांनी केंब्रिजला ते रुग्णांना दिले. केवळ मृत दात्यांच्या किडन्यांवर झालेल्या युरोपीय चाचणीत सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांच्या 72 टक्के किडन्या वर्षभरानंतर चालू होत्या, जुन्या जोडीवरच्या 52 टक्के. इतकी मोठी झेप या क्षेत्राने त्यानंतर पाहिली नाही.

गंमत म्हणा की क्रूर थट्टा, हेच औषध किडनीला बाधते. ते तिच्या रक्तवाहिन्या आवळते. मृत दात्याची किडनी तर कित्येक तास बर्फात राहून आधीच थकलेली. कधी दिवसचे दिवस लघवी तयार होत नाही आणि डायलिसिस चालू ठेवावे लागते. अशात रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढले, तर हे रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणे) की औषधाचा त्रास? पहिल्यात औषधोपचार वाढवायचा, दुसऱ्यात डोस कमी करायचा. निदान चुकले तर उपायच अपाय. बायोप्सीला, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याला, एवढे महत्त्व आले ते या कोड्यामुळेच.

नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही रिजेक्शन रोखणारी नवी औषधे आली, आणि ॲझाथायोप्रिन हळूहळू मागे पडले. भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळाली तीही याच दशकात, 1994च्या कायद्याने. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिम्फनी’ चाचणीत 1,645 रुग्ण होते. दाते जिवंतही होते, मृतही. कमी डोसाच्या टॅक्रोलिमसवर वर्षभरात रिजेक्शन 12.3 टक्के रुग्णांत आढळले, नेहमीच्या डोसाच्या सायक्लोस्पोरिनवर 25.8 टक्के, तर सिरोलिमस या आणखी एका औषधाच्या कमी डोसावर 37.2 टक्के. किडनी टिकण्यातला फरक मात्र एवढा रुंद नव्हता: टॅक्रोलिमसवर 94.2 टक्के, नेहमीच्या सायक्लोस्पोरिनवर 89.3. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका आकडा हाच. रिजेक्शन रोखणे आणि किडनी टिकवणे या एकच गोष्टी नव्हेत.

म्हणूनच 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेलाटासेप्टकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. शिरेतून द्यायच्या या औषधावर सुरुवातीला रिजेक्शन जास्त दिसले, तरीही किडनीचे काम सायक्लोस्पोरिनपेक्षा चांगले चालले.