सपाट छप्पर गळतं ते सांध्यात

मोठ्या इमारतीच्या सपाट छपरासाठी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी चादर, निवडायची वेळ आली की मालक आधी जाडी विचारतात, मग वॉरंटी. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: या चादरीचे दोन पट्टे एकमेकांना जोडणार कसे? कारण चादरीच्या मधोमध गळती क्वचितच सुरू होते. पाणी शिरतं ते सांध्यातून, कठड्यावर वळवलेल्या कडेतून, पाइपाच्या बुंध्याशी किंवा निचऱ्याच्या तोंडाशी.

सांधा कसा होणार हे रेणूंच्या रचनेवर ठरतं. ईपीडीएम हे कृत्रिम रबर. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या व्हल्कनायझेशनमध्ये, म्हणजे रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेत, आडव्या बंधांनी कायमच्या जखडलेल्या असतात. त्यामुळे ते भरपूर ताणलं तरी पूर्ववत होतं, ऊन आणि ओझोन वर्षानुवर्षं सोसतं. पण तापवलं तरी वितळत नाही. म्हणून त्याचे सांधे प्रायमर (चिकटण्याआधी लावायचा थर) आणि चिकटपट्टीच्या भरवशावर असतात. टीपीओ आणि पीव्हीसी या प्लास्टिकच्या चादरींच्या साखळ्या मोकळ्या असतात. उष्णतेने त्या सैल होतात आणि दोन पट्ट्यांचे पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात.

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. यंत्राचं चपटं तोंड दोन थरांच्या मधून शेकडो अंश तापलेली हवा सोडत पुढे सरकतं आणि मागोमाग रोलर दाब देतो. सांधा थंड झाला की कामगार बोथट टोकाची सळई कडेवरून फिरवतो. कुठे आत घुसली तर तिथे वेल्ड कच्चा. नमुन्याचा तुकडा कापून ओढूनही बघतात. चांगला सांधा उकलत नाही, आधी चादर फाटते. हवामान बदललं की यंत्राचं तापमान आणि वेगही बदलावा लागतो, म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी असा नमुना घ्यायलाच हवा. इथे घाई करणारा ठेकेदार मला परवडणार नाही, चादर कितीही महागाची असो.

छपरावर काय सांडतं, हेही बघावं. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून तेलकट वाफ पडत असेल तर ईपीडीएम फुगतं, कारण तेल आणि ते रबर दोन्ही अध्रुवीय, म्हणजे त्यांच्या रेणूंना विद्युतभाराची टोकं नसतात, आणि असे पदार्थ एकमेकांत मुरतात. क्लोरीनमुळे ध्रुवीय असलेलं पीव्हीसी तिथे बरंच टिकतं. मात्र पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ ठेवतात प्लास्टिसायझर. चादर जुन्या डांबराला किंवा पॉलिस्टायरीनला (थर्माकोलला) थेट टेकली तर हे प्लास्टिसायझर त्यात झिरपून जातात आणि चादर आक्रसते, ठिसूळ होते. मध्ये वेगळा थर हवाच.

सुधारित डांबराच्या, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या डांबराच्या, चादरी सहसा दोन थरांत घालतात, त्यामुळे माणसांची वर्दळ असलेल्या छपराला त्या मानवतात. पण बर्नरने चिकटवताना आगीचा धोका असतो.

रंगाचा निर्णय हवामानावर सोडावा. उन्हाळी दुपारी गडद छप्पर ६५ अंश सेल्सिअसच्याही पुढे तापतं, पांढरं त्याहून बरंच थंड राहतं. लांब हिवाळ्याच्या प्रदेशात हा फायदा कमी होतो. वारा चादरीला वर खेचतो, आणि कोपऱ्यांत हा जोर सर्वाधिक असतो. म्हणून चादर धरून ठेवणारे स्क्रू तिथे दाट लागतात.

सपाट छपरालाही साधारण ५० ला १ एवढा उतार लागतो. १०० चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी साचलं तर तो १ टन भार झाला, आणि कच्चा सांधा त्या पाण्याखाली दिवसच्या दिवस बुडून राहतो.

जुन्या छपरावरच नवी चादर घालायची असेल तर आधी सूर्यास्तानंतर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघावं. चादरीखालचं ओलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, दिवसाची उष्णता धरून ठेवतं आणि कोरड्या भागात उबदार डागांसारखं उठून दिसतं. तेवढा भाग कापून काढावा लागतो. नाहीतर कोंडलेल्या ओलीची वाफ नव्या चादरीखाली फुगे आणते, आणि फुगा सांध्याखाली आला तर सांधा उचलला जातो.