चट्ट्यांच्या आजाराची ओळख कशी पटत गेली

डिसेंबर 1822 मध्ये ऑगस्टस डेस्टे हा तरुण एका आप्ताला भेटायला स्कॉटलंडला गेला, तर तिथे त्या आप्ताच्या अंत्यविधीलाच हजर राहण्याची वेळ त्याच्यावर आली. त्यानंतर लवकरच त्याला अक्षरे दिसेनाशी झाली आणि पत्रेही दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. कोणतेही उपचार न करता दृष्टी परत आली. पाच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि पायांतली शक्ती गेली. हेही पुढे बरेचसे ओसरले. मग मात्र बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, काठी आणि अखेरीस चाकांची खुर्ची, असा उतार लागला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा हा नातू 1848 मध्ये वारला आणि मागे राहिली ती त्याची दैनंदिनी. तिच्यात आजाराचे नाव कुठेच नाही, कारण ते नाव तेव्हा अस्तित्वातच नव्हते. पण आजचा मज्जाविकारतज्ज्ञ ती वाचताना मल्टिपल स्क्लेरॉसिसचाच (थोडक्यात एमएस) विचार करील.

डेस्टेच्या डॉक्टरांसमोर रोगी होता, पण त्याच्या मेंदूत काय चालले आहे हे त्यांना दिसत नव्हते. त्याच सुमारास, 1830 च्या दशकात, रॉबर्ट कार्सवेल आणि जाँ क्रूव्हेलिए शवविच्छेदनात मज्जारज्जूवर आढळलेले करडे-तपकिरी चट्टे चित्रांत उतरवत होते. कार्सवेलजवळ चट्टे होते. मात्र ज्यांच्या शरीरात ते सापडले, त्यांच्या हयातीतील तक्रारींविषयी त्याला फारसे ठाऊक नव्हते. हे दोन धागे जुळवण्याचे श्रेय प्रामुख्याने पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्ताँ शार्को यांना जाते. वर्षानुवर्षे तिथेच राहणाऱ्या रुग्णांची लक्षणे त्यांनी टिपली, मृत्यूनंतर त्याच रुग्णांचे मेंदू तपासले आणि 1868 मध्ये हा स्वतंत्र आजार असल्याचे मांडले. स्क्लेरॉसिस म्हणजे कडक होणे. जागोजागी निबर झालेले चट्टे, एवढाच त्या भारदस्त नावाचा अर्थ आहे.

शार्को यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट पाहिली होती. चट्ट्यात मज्जातंतूचा गाभा बराचसा शाबूत असतो, नष्ट होते ते त्याच्यावरचे मायलिन नावाचे स्निग्ध आवरण. हे आवरण असले की संदेश तंतूवरून टप्प्याटप्प्याने झेपावत जातो. ते गेले की तो मंदावतो, अडखळतो किंवा वाटेतच विरतो. चट्टा दृष्टीच्या मज्जातंतूवर पडला तर डोळा हलवताना दुखतो आणि रंग फिके दिसतात, लहान मेंदूकडे जाणाऱ्या वाटांवर पडला तर पेला उचलताना हात थरथरतो आणि मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतात. म्हणून एकाचा एमएस दुसऱ्यासारखा दिसत नाही. सुजेचा भर ओसरल्यावर आणि मायलिन थोडेफार पुन्हा तयार झाल्यावर लक्षणे मागे हटतात. डेस्टेची दृष्टी परतली ती बहुधा अशीच.

श्रम केल्यावर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती अंधुक होते, हे विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवले. खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान आहे, हे पुढे उमगले. मायलिन गेलेल्या तंतूला तापमानात अर्ध्या अंशाची वाढही कधी कधी सोसत नाही. त्यामुळे एके काळी निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवत. दिसेनासे झाले की संशय बळावायचा, अंग निवले की दृष्टी पूर्ववत. एमआरआयच्या आधी तज्ज्ञांच्या हाती किती तुटपुंजी साधने होती, हे यावरून ध्यानात यावे.

आवरण नष्ट कोण करते, याचा पहिला भक्कम सुगावा 1930 च्या दशकात लागला. थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना मेंदूच्या ऊतींचा अर्क वारंवार टोचला, तेव्हा कोणताही जंतू नसताना त्यांच्या मेंदूत सूज आली आणि मायलिन झडले. शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या मेंदूवर उलटू शकते, ही कल्पना इथून रुजली. 1981 मध्ये एमआरआयने जिवंत माणसाच्या मेंदूतले चट्टे दाखवले. त्यांतले अनेक असे होते, की त्यांनी रुग्णाला कधी जाणवेल असा त्रासच दिला नव्हता. म्हणजे दोन झटक्यांमधला, लक्षणे एकदा उसळून पुन्हा उसळेपर्यंतचा, शांत काळ वाटतो तितका शांत नसतो. 1998 च्या सुमारास तंतूचा गाभा शाबूत राहतो ही समजूतही ढळली: सुजलेल्या चट्ट्यांत आतले तंतूही तुटतात आणि तेही आजाराच्या सुरुवातीपासून. कायमचे अपंगत्व बऱ्याच अंशी इथून येते.

आजाराचा ओघ बदलू शकणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत 1993 मध्ये मंजूर झाले, म्हणजे शार्को यांच्या मांडणीनंतर सव्वाशे वर्षांनी. प्रतिकारयंत्रणेतील बी पेशी कमी करणारे ऑक्रेलिझुमॅब 2017 मध्ये आले; झटके न येता सुरुवातीपासून वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी मंजूर झालेले ते पहिलेच.

कारणाच्या शोधाने 2022 मध्ये मोठी उडी घेतली. अमेरिकी सैन्यातील सुमारे 1 कोटी लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने तपासल्यावर, एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका सुमारे 32 पटींनी वाढत असल्याचे दिसले. हा विषाणू बी पेशींमध्येच दडून राहतो, ही बाब लक्षणीय आहे. मात्र तो जगातल्या बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात असतो आणि एमएस त्यांतल्या फार थोड्यांना होतो. तेव्हा लागणीखेरीज अनुवंश, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि धूम्रपान यांचाही हिशेब संशोधकांना धरावा लागतो.