घाना साम्राज्य आणि घाना देश: नाव एक, भूमी वेगळी

आजचा घाना हा गिनीच्या आखातावर वसलेला देश असून आक्रा ही त्याची राजधानी आहे. प्राचीन घाना साम्राज्य मात्र तेथून वायव्येला शेकडो किलोमीटर दूर, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या आग्नेय मॉरिटानियात आणि पश्चिम मालीत पसरलेले होते. दोघांचा इंचभरही प्रदेश सामाईक नाही, तरीही सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत त्यांची गल्लत हमखास होते.

हे साम्राज्य सोनिन्के लोकांचे होते आणि त्याची भरभराट दक्षिणेकडून येणारे सोने व सहारातून येणारे मीठ यांच्या व्यापारावर झाली. अकराव्या शतकात कोर्दोबा येथे राहणाऱ्या अल-बकरी या भूगोलकाराने, स्वतः तेथे कधीही न जाता, इतरांकडून मिळालेल्या माहितीवरून त्याचे वर्णन लिहिले. राजाकडे दोन लाखांची फौज असल्याचे तो सांगतो. हा आकडा फुगवलेला वाटतो. त्याने नोंदवलेली करव्यवस्था मात्र अधिक बोलकी आहे: गाढवावर लादून राज्यात आणलेल्या मिठाच्या प्रत्येक ओझ्यावर एक दिनार, तर तेच बाहेर नेताना दोन दिनार कर द्यावा लागे. खाणीत सापडणारे सोन्याचे गोळे राजा स्वतःकडे ठेवी आणि केवळ सोन्याची भुकटी लोकांना मिळे, कारण सोने सर्वांहाती मुबलक झाले तर त्याचे मोल घसरेल. तेराव्या शतकात हा प्रदेश माली साम्राज्यात विलीन झाला.

आजच्या देशाचा पूर्वेतिहास वेगळाच असून त्यात कुमासी येथील अशांती राज्याचे स्थान मोठे आहे. ब्रिटिश अमलात या वसाहतीला गोल्ड कोस्ट म्हणत. 6 मार्च 1957 रोजी क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली ती स्वतंत्र झाली, तेव्हा वसाहतीचे नाव टाकून प्राचीन साम्राज्याचे नाव स्वीकारण्यात आले. येथील अकान लोकांचे पूर्वज जुन्या घानातून आले, असा दावा त्या काळी केला जाई, पण त्याला भक्कम पुरावा नाही. माझ्या मते ही निवड वंशावळीपेक्षा राजकीय अभिमानाची होती.

असाच गोंधळ बेनिनबाबतही होतो. प्रसिद्ध पितळी शिल्पे घडवणारे बेनिन राज्य आजच्या नायजेरियात होते. शेजारच्या डाहोमे देशाने 1975 मध्ये बेनिन हे नाव घेतले.