लाल मज्जा नेमकी कुठे असते?

म्हापशाच्या बाजारात मटण घेताना नळीसाठी हटून बसणारे पुष्कळ. नळीतला तो तुपकट गर म्हणजे मज्जा, आणि मज्जेत रक्त तयार होतं, हे शाळेत वाचलेलं असतं. मग आपल्याही मांडीच्या लांबलचक हाडातच सगळ्यात जास्त रक्त तयार होत असणार, असं वाटणं साहजिक आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरं नाही. त्या हाडाच्या मधल्या पोकळीत असते पिवळी मज्जा, म्हणजे मुख्यतः चरबी.

सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार करणारी लाल मज्जा मोठेपणी धडाच्या आसपास राहते. कमरेची हाडं आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीसह पाठीचे मणके, एवढ्यांतच ती निम्म्याहून जास्त सापडते. उरलेली बरगड्या, कवटी, छातीच्या मधलं हाड, खांद्याचा फरा यांत. दंडाच्या आणि मांडीच्या हाडांत ती असते, पण प्रामुख्याने वरच्या टोकाला. ही हाडं आतून जाळीदार असतात आणि त्या जाळीच्या खणाखणांत मज्जा भरलेली असते.

जन्मतः मात्र जवळपास सगळ्याच हाडांत लाल मज्जा असते. मग ती बोटांच्या टोकांपासून ओसरू लागते, हातपायांतून वर सरकत जाते आणि साधारण पंचविशीपर्यंत मोठ्या माणसाची ठेवण पक्की होते. मज्जेत रक्त बनतं हे 1868 मध्ये कोनिग्सबर्गचे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ अर्न्स्ट नॉयमन यांनी दाखवलं. ही ओसरण्याची दिशाही पुढे त्यांनीच मांडली. (शागोतीतल्या ब्रॉयलर कोंबडीचं हाड काळपट-लाल दिसलं की ‘कच्चं राहिलं’ म्हणून ताट सारणारे असतात. कोंबडी जेमतेम दीड महिन्याची, हाडं कोवळी; शिजताना आतल्या लाल मज्जेचा रंग बाहेर झिरपतो, इतकंच.)

हातापायांतूनच ती का हटते? शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी 1936 मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. उंदराच्या शेपटीतली मज्जा पिवळी असते. त्यांनी शेपूट वाकवून तिचं टोक उंदराच्या पोटात बसवलं. पोटातल्या उबेत त्या हाडांमध्ये लाल मज्जा दिसू लागली. तापमानाने सगळं उलगडतं असं नाही, पण त्याचा हात आहे हे यातून दिसलं.

हा सगळा नकाशा रुग्णाच्या कामाचा आहे. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा आणखी कुठे ‘मज्जेची तपासणी करूया’ म्हटलं की घरचे घाबरतात, कारण ‘पाठीतलं पाणी काढणार’ असं त्यांच्या डोक्यात असतं. ती तपासणी वेगळी. इथे सुई मणक्यांच्या मधे जातच नाही. रुग्णाला कुशीवर निजवतात आणि कमरेच्या मागे, खळगी पडते त्या जागी कमरेच्या हाडाचं टोक चाचपतात. कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर करतात, मग जाड सुई दाबत, फिरवत आत नेतात. खरी कळ येते ती सिरिंज ओढतानाच्या क्षणी, कारण हाडाचा आतला भाग बधिर करता येत नाही. काचेवर पसरलेल्या रक्तात मज्जेचे बारीक कण दिसले की नमुना बरा मिळाला. छातीच्या हाडातूनही मज्जा काढता येते, पण ते पातळ आणि त्याच्या लगेच मागे हृदय; म्हणून कंबर बरी.

पिवळी मज्जा कायमची निकामी नसते. थॅलेसेमियासारख्या आजारात रक्त फार कमी पडू लागलं की ती पुन्हा लाल होते. उपचार नीट न मिळालेल्या मुलांत मज्जा इतकी फोफावते की कवटीची आणि गालांची हाडं फुगतात. उलट प्रकार कर्करोगाच्या उपचारांत दिसतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला किरणोपचार देताना कमरेतली बरीच लाल मज्जाही भाजली जाते आणि पांढऱ्या पेशी घटतात. त्या काळात रुग्णाचं रक्त वरचेवर तपासतात, ते यासाठी.