पार्श्वभूमी: वाफेच्या नळ्या उघड्या कशा पडल्या

न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो या भागांतली बरीच जुनी घरे तळघरातल्या बॉयलरच्या वाफेने तापतात. त्या तळघरांत वाफेच्या ज्या नळ्या आज उघड्या दिसतात, त्या बसवल्या तेव्हा झाकलेल्या होत्या. हे लक्षात घेतले नाही तर इंधनबचतीची चर्चा ‘ही पद्धतच उधळी’ इथे येऊन थांबते. पद्धत जुनी आहे हे खरे, पण तिच्यातला बराचसा अपव्यय गेल्या पन्नासेक वर्षांतला आहे.

अमेरिकेत इमारती वाफेने तापवायला १८४०च्या दशकात सुरुवात झाली. १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात एका मध्यवर्ती बॉयलरमधून अनेक घरांना वाफ पुरवली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धापर्यंत शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत एक-नळी पद्धत रुळली होती: वाफ एका नळीतून खोल्यांतल्या रेडिएटरांत (लोखंडी तापकांत) चढे आणि गार होऊन झालेले पाणी त्याच नळीतून उतरे. नळ्यांवर ॲस्बेस्टॉसच्या पन्हळी कागदाचे किंवा मॅग्नेशिया या उष्णतारोधक पांढऱ्या पदार्थाचे वेष्टण असे. त्या मॅग्नेशियातही सुमारे १५ टक्के ॲस्बेस्टॉस असायचे. घरात कोळसा फावड्याने ओढावा लागे, त्यामुळे वाफ तळघरातच गार होऊन पाणी बनण्याची किंमत रोज अंगमेहनतीने मोजली जाई. नळी झाकायची की नाही, हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

नळ्यांतली हवा निघाल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही. ती हवा बाहेर काढण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोळशाची आग रात्रभर धुमसत राहते. नळ्यांतली हवा एकदा बाहेर गेली की ती परत आत येऊ न देणारे व्हेंट (हवेच्या झडपा) त्या काळी लोकप्रिय होते. आतला दाब वातावरणापेक्षा खाली उतरे, पाणी २१२ अंश फॅरनहाइटच्या आतच उकळत राही आणि रेडिएटर सकाळपर्यंत कोमट असत. १९२०च्या दशकापासून तेलाचे बर्नर आले. थर्मोस्टॅट आग पेटवतो आणि विझवतो, दर वेळी नळ्या गार होतात आणि त्यांत हवा भरते. ती हवा आता दिवसातून अनेकदा बाहेर काढावी लागे. म्हणजे मुख्य नळीच्या टोकावरचा व्हेंट खरा महत्त्वाचा झाला तो बर्नर आल्यावर, आणि दुर्लक्षही नेमके तेव्हापासूनच झाले. गंजलेला व्हेंट काढून तिथे बूच मारल्याची उदाहरणे तळघरागणिक सापडतात. मग हवा रेडिएटरांच्या बारक्या व्हेंटमधूनच निघते, बॉयलरजवळच्या खोल्या आधी तापतात आणि टोकाची खोली गारच राहते. त्यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी दाब वाढवला गेला. वास्तविक या घरगुती पद्धतीला चौरस इंचामागे २ पौंडांपेक्षा जास्त दाब कधीच लागत नव्हता. जास्त दाबाने अडकलेली हवा दाबली जाते, बाहेर पडत नाही.

१९७३च्या तेलटंचाईने सगळे हिशेब बदलले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांनी घरातले तापमान ६८ अंश फॅरनहाइटवर आणायला सांगितले. १९७७च्या फेब्रुवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंशांचे आवाहन केले. जुने अवाढव्य बॉयलर काढून लहान, कमी पाण्याचे बॉयलर बसवायची लाट आली. दुसरीकडे ॲस्बेस्टॉसचा फुप्फुसांना असलेला धोका उघड झाला होता आणि १९७५ मध्ये नळ्यांवर भुसभुशीत ॲस्बेस्टॉसचे तयार वेष्टण नव्याने बसवायला केंद्रीय बंदी आली. आधीच बसवलेले काढायची सक्ती या नियमात नव्हती. तरी घर विकताना ते काढून टाकणेच सोयीचे ठरे, आणि १९८०-९०च्या दशकांत हजारो तळघरे अशी ‘स्वच्छ’ झाली. काढणारा ठेकेदार वेगळा आणि तापवणारा वेगळा, त्यामुळे जागेवर फायबरग्लास चढवायचे काम कुणाचेच नव्हते. दोन इंची उघडी नळी खोलीच्या हवेत फुटामागे ताशी १७० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचे एकक) आसपास उष्णता सोडते. एक इंच जाड फायबरग्लासखाली तीच नळी सुमारे ३० बीटीयू सोडते. तेल वाचवायचे आणि फुप्फुसेही वाचवायची, दोन्ही हेतू योग्य होते. पण त्यांचा एकत्र हिशेब कुणी मांडला नाही.

बॉयलर केवढा घ्यावा, हा याच काळातला एक वाद अजून मिटलेला नाही. वाफेचा बॉयलर निवडताना घरातल्या रेडिएटरांचे मिळून ‘चौरस फूट’ मोजतात. एका चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू धरतात. त्यावर नळ्या आणि गार लोखंड तापवण्यासाठी एक तृतीयांश भर घालतात. हा झाला १.३३ चा पिक-अप फॅक्टर. मोठ्या बॉयलरांसाठी तो १.२९ पर्यंत उतरतो. गरम पाण्याच्या पद्धतीला १.१५ पुरतो. गोंधळ असा की बॉयलरवरच्या पट्टीत लिहिलेल्या निव्वळ क्षमतेत ही भर आधीच वजा केलेली असते. ते ठाऊक नसलेला कारागीर सुरक्षिततेसाठी पुन्हा एकदा ती भर घालतो. कित्येक जण तर रेडिएटर मोजतच नाहीत, जुन्या बॉयलरचा आकडा बघून तेवढाच नवा मागवतात.

१.३३ ठेवावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे: नळ्या किती आणि कशा आहेत हे आधी कुणाला माहीत नसते. रात्री तापमान उतरवून ठेवलेल्या घरात पहाटे सगळे लोखंड गार असते आणि बॉयलर कमी पडला तर टोकाची खोली तापतच नाही. यातले शेवटचे खरे आहे. पण आकडे मांडून बघू. ३०० चौरस फूट रेडिएटरांच्या घराला ताशी ७२,००० बीटीयू लागतात आणि १.३३ ने बॉयलर ९६,००० चा होतो. भर २४,००० ची. तळघरात ६० फूट दोन इंची मुख्य नळी उघडी असेल तर ती साधारण १०,२०० खाते. झाकली की १,८००. वर भिंतीतून चढणाऱ्या नळ्यांचा खर्च धरला तरी झाकलेल्या नळ्यांच्या घरात ही भर सुरुवातीचा थोडा वेळच उपयोगी पडते. त्यानंतर जास्तीची वाफ दाब वाढवते, नियंत्रक आग बंद करतो, दाब उतरतो, आग पुन्हा पेटते. या पेट-विझ खेळात तेल जाते. शिवाय जुन्या घरांतले रेडिएटर मुळातच गरजेपेक्षा मोठे असतात. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर खिडक्या उघड्या ठेवून झोपण्याचा आग्रह होता आणि मापे त्यावरून धरली गेली, असे या व्यवसायात वारंवार सांगतात. कारण काहीही असो, हिवाळ्याच्या सर्वसाधारण दिवशी ते वाफेने पूर्ण भरत नाहीत. उघड्या नळ्यांचा भुर्दंड गृहीत धरणारा आकडा झाकलेल्या नळ्यांनाही तसाच लावणे हे गणित नसून सवय आहे. तक्ते मात्र अजून त्याच आकड्यावर चालतात.

गेल्या दोन-तीन दशकांत जुने ज्ञान पुन्हा वर आले: मुख्य नळीची हवा झटपट काढा, रेडिएटरांची सावकाश, दाब खाली ठेवा, नळ्या झाका. (झाकायला फायबरग्लासच हवे, पाण्याच्या नळ्यांचा मऊ फोम वाफेच्या उष्णतेत टिकत नाही.) शिकागो आणि मिनिआपोलिसमधल्या बहुमजली इमारतींत हे प्रयोग झाले. न्यूयॉर्कमध्ये बाहेर ५५ अंशांखाली उतरल्यावर दिवसा घरात ६८ अंश ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून गार पडणाऱ्या एका घरासाठी बॉयलर जास्त वेळ चालतो आणि बाकीचे भाडेकरू जानेवारीत खिडक्या उघडतात. त्या शहराने २०१९ मध्ये २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींवर उत्सर्जनाची मर्यादा घातली. ती २०२४ पासून लागू झाली. तेव्हापासून मोठ्या इमारतींचे मालक व्हेंट आणि वेष्टणाकडे दंडाच्या धाकाने का होईना बघू लागले आहेत. लहान घरांना ती मर्यादा नाही. तिथे नळी झाकायची का आणि बॉयलर केवढा घ्यायचा, हे बहुतेकदा तो बसवायला आलेला माणूस ठरवतो, तेही रेडिएटर न मोजता.