पावसाळ्यात गोठ्याला कमी पडते ती हवा

पुण्याचा पाऊस म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठल्या पुण्याचा? २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ताम्हिणीला ५५० हून जास्त. मध्ये अंतर साठेक किलोमीटर. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी धरणात आलं, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग मुठेत सोडावा लागला. दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढलं, तेव्हा शहराला पूर दिसला.

मुळशी, मावळ, भोरकडे दहा-वीस गुंठे, दोन गाई, चार शेळ्या, पंधरा-वीस कोंबड्या असं ज्यांचं आहे, त्यांना पुराची भीती असतेच. पण पूर एखाद्या रात्रीचा असतो, ओल चार महिन्यांची. जनावरं दगावतात, दूध आटतं, वाफे सडतात ते बहुतेक या ओलीने. आणि ओल मारते ती स्वतः नव्हे, हवा अडवून.

पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत एरवी हवा खेळते. त्या पाण्याने भरल्या की आतला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवून टाकतात आणि वरून नवा पोहोचत नाही. भर पाण्यात उभं असलेलं टोमॅटोचं रोप माना टाकतं ते यामुळेच. पाणी ओढायला मुळांना ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन लागतो. रोप कोमेजलं म्हणून आणखी पाणी घालणारे शनिवार-रविवारचे शेतकरी पौड रस्त्याला भरपूर सापडतील. शेजारच्या खाचरात वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी भात मात्र गुडघाभर पाण्यात मजेत असतो, कारण भाताच्या देठात आणि मुळात हवेच्या नळ्या असतात. पानांकडून आलेली हवा तो स्वतःच खाली पोहोचवतो. मिरची-टोमॅटोला ही सोय नाही. त्यांना वीतभर उंच गादीवाफा आणि बाजूने वाहता चर, एवढंच आपल्या हातात. गांडूळखताचंही तसंच. गांडूळ त्वचेने श्वास घेतं, आणि बेड पाण्याने गच्च झाला की ती ओळीने बाहेर पडतात. वर छप्पर, खाली निचऱ्याला भोक, संपला विषय.

गोठ्याचा विषय इतक्यात संपत नाही.

आधी पाणी येतं कुठून ते मोजू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस बाय दहा फुटांचा पत्रा साधारण साडेअठरा चौरस मीटर भरतो. त्यावर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेअठराशे लिटर पाणी पागोळ्यांनी खाली पडतं. बहुतेक गोठ्यांत पत्र्याचा उतार पुढच्या बाजूला असतो, म्हणजे हे सगळं पाणी पडतं नेमकं दारात, जिथून जनावर रोज आत-बाहेर करतं. त्या जागेवर शेण, मूत्र आणि खुरांचा मारा. आठवड्यात तिथे घोटाभर राबडा होतो. पुराचं पाणी कुठून शिरेल याचा विचार करणारा माणूस स्वतःच्या पत्र्याचं पाणी विसरतो, हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं. एक पन्हळ आणि ते पाणी लांब नेणारा पाइप हा पावसाळ्यातला सगळ्यात स्वस्त औषधोपचार आहे.

त्या राबड्यात खुराचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. खूर म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन. सतत भिजून ते मऊ पडतं, आणि दोन नख्यांमधली कातडी पांढरी, सुरकुतलेली होते. मुरमाचा एखादा खडा तिला सहज चिरतो. शेणात फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आधीपासून असतो. जनावराच्या पोटात तो बिनबोभाट राहतो, कारण तिथे ऑक्सिजन नसतो, आणि ऑक्सिजन त्याला चालत नाही. चिरलेल्या कातडीवर चिखलाचा लेप बसला की तिथेही हवा पोहोचत नाही. मग हा पाहुणा आत शिरतो. जनावर पाय उचलून धरतं, नख्यांमधून कुजका वास येतो, चारा-पाणी कमी होतं आणि दूध लगेच उतरतं. शेळ्या-मेंढ्यांत त्याच्या जोडीला आणखी एक जिवाणू येतो आणि खुराचं कवचच सुटायला लागतं.

यावर पाच टक्के मोरचुदाचं पाणी, म्हणजे वीस लिटरला एक किलो, उथळ टाकीत भरून त्यातून जनावरं चालवतात. उपाय चांगला, पण दोन अटी. पाय आधी साध्या पाण्याने धुवायचे, कारण शेण पडलं की मोरचूद त्याच्याशीच बांधलं जातं आणि नुसतं निळं पाणी उरतं. दुसरी, मेंढ्या असतील तर ते पाणी त्यांच्या तोंडी लागता कामा नये. मोरचुदात तांबं असतं, आणि मेंढीला ते फार लवकर बाधतं. तिथे दहा टक्के झिंक सल्फेट बरं. आणि हे सगळं केल्यावरही उभं राहायला कोरडी जागा हवी: मुरूम ठोकून केलेला, एका अंगाला उतार दिलेला ओटा, शेळ्यांसाठी फटी ठेवलेला फळ्यांचा माचा.

सह्याद्रीच्या लोकांनी यावर एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आहे. अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाऊस अंगावर मुरत नाही, आणि खूर काळे, टणक. भातखाचरात दिवसभर उभी राहिली तरी तिचं फारसं बिघडत नाही. दूध कमी देते म्हणून आपण होल्स्टिन या विलायती जातीची संकरित गाय आणतो, आणि मग डांगीच्या पावसात तिला उभी करतो. शेळीची गत त्याहून नाजूक. तिची केसाळी पातळ, पाणी थेट कातडीपर्यंत जातं, आणि भिजलेली शेळी वाऱ्यात उभी राहिली की न्यूमोनियाला आमंत्रण.

झड लागली की माणूस घाबरून गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधतो. भावना समजते, पण नुकसान इथेच होतं. एक गाय श्वासातून आणि घामातून दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत सोडते. वर मूत्र, ओलं शेण. ती वाफ बाहेर गेली नाही तर पत्र्याला आतून थेंब धरतात आणि गोठ्यातच पाऊस पडतो. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तेवढ्या बाजूने आडोसा करावा, तोही वर फूटभर मोकळा सोडून. पूर्वेची बाजू उघडी राहू द्यावी. गरम, ओलसर हवा वर चढते, तिला वरूनच वाट लागते.

कोंबड्यांच्या खुराड्यात हीच गोष्ट डोळ्यांना झोंबते. कोंबडीच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की जिवाणू त्या ॲसिडचा अमोनिया करतात. हवेच्या दहा लाख भागांत पंचवीस भागांच्या वर अमोनिया गेला की पक्ष्यांचे डोळे, श्वासनलिका आणि पुढे अंडी यांवर परिणाम दिसू लागतो. आपण उभं राहून वास घेतो, कोंबडी राहते वीतभर उंचीवर. खाली बसून, तुसाजवळ नाक नेऊन पाहावं. ओल्या तुसावर चुना मारायची सर्रास पद्धत आहे. चुना पाणी शोषतो हे खरं, पण तो आम्लता कमी करतो, आणि त्यामुळे तुसात अडकलेला अमोनिया वायू होऊन भसकन बाहेर पडतो. पक्षी आत असताना तो मारूच नये. धरलेल्या खपल्या काढून टाकाव्या, बाकीचं तूस रोज खालीवर करावं, पाण्याची भांडी गळत असतील तर ती आधी नीट करावी. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा राहिला तर ते फार ओलं, हात उघडताच हळूच विस्कटला तर ठीक. रक्ती हगवणीचे परजीवीही ओल्या उबदार तुसात एक-दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात. गंमत म्हणजे त्यांना वाढायला ओलीबरोबर हवाही लागते. म्हणून इथे हवा खेळवणं पुरत नाही, तूस कोरडंच ठेवावं लागतं.

हवा कोंडण्याचा फायदाही करून घेता येतो. आषाढात गवत वाळत नाही, वाळवायला जावं तर काळं पडतं. मका कापून, बारीक कुट्टी करून, पिशवीत किंवा खड्ड्यात पायाने दाबून हवा काढली आणि तोंड बंद केलं, की त्यातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू साखर आंबवतात, आम्लता वाढते आणि बाकीचे कुजवणारे जिवाणू गप्प होतात. हाच मुरघास. चाऱ्यात पाण्याचं प्रमाण साधारण पासष्ट टक्के हवं. भर पावसात कापलेल्या मक्यातून पाणी गळतं, त्याबरोबर साखर जाते, आणि मुरघासाऐवजी सडका लगदा हाती येतो. उघडीप मिळाली की एक-दोन तास सुकवून मगच भरावा.

चरायचं काय? शेळीच्या पोटातले रक्त पिणारे गोलकृमी विष्ठेतून बाहेर पडतात आणि त्यांच्या अळ्या गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत वर चढतात. पातं कोरडं असेल तर त्यांना चढता येत नाही. बहुतेक अळ्या बुडखाच्या दोन इंचांतच असतात. त्यामुळे भल्या पहाटे शेळ्या सोडणं आणि गवत पार बुडखापर्यंत खाऊ देणं, दोन्ही चूक. दव उतरल्यावर सोडावं, आणि झडीच्या दिवसांत शेवगा, सुबाभूळ, हादग्याच्या फांद्या टांगून खायला घालाव्या. शेळीची खालची पापणी उलटून पाहावी. लालबुंद असेल तर चिंता नाही, पांढरट पडली असेल तर जंतांनी रक्त प्यायलंय. ओढ्याकाठचं आणि खाचराच्या बांधावरचं गवत वेगळ्या कारणाने टाळावं. तिथल्या गोगलगायींतून यकृतातले पर्णकृमी येतात.

घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांच्या लसी मे-जूनमध्येच व्हायला हव्यात, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. फऱ्याचा जिवाणूही हवा न मानवणाराच. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून असतात, आणि पुराने किंवा खोदाईने माती उकरली गेली की वर येतात. लस राहिली असेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते.

आता पुराची रात्र. गाई-म्हशी चांगल्या पोहतात. बुडतात त्या बांधलेल्या. कुलूपबंद साखळीची दावण पावसाळ्यात नको, दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ असावी. कानातला बारा अंकी बिल्ला आहे ना ते आधी पाहून, त्याचा फोटो काढून ठेवावा. वाहून गेलेलं जनावर ओळखायला आणि पंचनाम्यालाही तो लागतो. वीज आधी मुख्य बटनापासून बंद. २५ जुलै २०२४ लाच डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघांचा जीव गेला तो विजेच्या धक्क्याने. पाणी ओसरल्यावर गमबूट घातल्याशिवाय गोठ्यात उतरू नये. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून आलेला लेप्टोस्पायरा हा जिवाणू पायाच्या एखाद्या भेगेतून आत जातो. ताप आला तर डॉक्टरांना गोठा साफ केल्याचं आवर्जून सांगावं.

शेवटी भिजलेली पेंड. शंभर लोक तिला उन्हात वाळवून पुन्हा घालतात, कारण पोतं महाग आहे. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, आणि शोधता शोधता माग लागला शेंगदाण्याच्या बुरशी धरलेल्या पेंडीचा. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झालं. बुरशी उन्हात मरते, विष तसंच राहतं. गाईने ते खाल्लं की एक-दोन दिवसांत त्याचं रूप दुधात उतरतं, आणि दूध कितीही उकळलं तरी जात नाही. तेव्हा पोत्याला कुबट वास आला, गोळे धरले, तर ती पेंड गाईला नको आणि कोंबड्यांना तर मुळीच नको. पुढच्या वर्षी पोती जमिनीपासून फूटभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता लावावीत, म्हणजे खालून आणि मागून वारा लागतो.