फिलॉसॉफी घेतली म्हणजे पोरगं देवाला लागलं?

‘फिलॉसॉफी घेतलीस? मग आता जोतिबाला जाऊन बस!’ रंकाळ्यावरच्या गप्पांत हा टोमणा कायमचाच. या विषयात देवभक्ती शिकवतात, हा त्यामागचा गैरसमज. अभ्यासक्रम तरी उघडून बघा की राव! चार्वाक, बौद्ध, जैन यांना सृष्टिकर्ता ईश्वर मान्य नाही. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसा परंपरेतला कुमारिल भट्टसुद्धा विचारतो: सृष्टी घडवताना ईश्वराला शरीर होतं का? असेल, तर ते कुणी घडवलं? उलट न्यायदर्शनाचा, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेतला, उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करायला तर्क लढवतो. पेपरात दोघांचे युक्तिवाद तपासायचे असतात, श्रद्धेला मार्क नाहीत. आणि ‘पुढं काय?’ म्हणणाऱ्यांसाठी: यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे.